जुनी होडी घ्यायला निघालास तर

बाळ, मंडळानं यंदा होडी घ्यायचं ठरवलं आणि भाव करायला तुला पुढं घातलं, हे कळलं. बरं वाटलं. मोटरीसकट नवी होडी मंडळाच्या वर्गणीत बसणार नाही, म्हणून कोकणात जाऊन जुनी बघायची, हेही रास्त आहे. जायच्या आधी माझ्याकडचं चार गोष्टींचं गाठोडं तुझ्या हवाली करतो. यातलं बरंचसं मला माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी वडगावच्या जनावरांच्या बाजारात शिकवलं. बाकीचं मी काठावर आणि बंदरावर उभं राहून शिकलो.

आधी होडी कशासाठी घेतोय ते डोक्यात पक्कं ठेव. २००५, २०१९, २०२१, या तिन्ही साली वारणेनं पात्र सोडलं. चांदोली धरणातून विसर्ग वाढला आणि वरचा पाऊस हटेना की आपल्या खालच्या अंगाला निलेवाडी, खोचीकडं रस्ते बुडतात आणि माणसं घरातच अडकतात. आपल्या भागात गुऱ्हाळातल्या काहिलीत बसवून बायकापोरं बाहेर काढलेली आहेत. काहिलीला ना नाळ ना सुकाणू. धारेत सापडली की गरगर फिरते. तिच्यापेक्षा होडी कधीही बरी, पण होडीसुद्धा कशी हवी ते बघ. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली आणि माणसं गेली. काठावरच्या प्रत्येक गावानं त्या दिवसापासून होडीकडं वेगळ्या नजरेनं बघायला पाहिजे. म्हणून पहिलंच सांगतो. भाव पाडायचा तो किमतीचा. होडीत माणसांच्या जिवावर बेतणारा दोष दिसला तर तिथं भाव करायचाच नाही. "एवढं चालवून घेतो, दहा हजार कमी कर," हे वाक्य पुराच्या होडीच्या बाबतीत तोंडातून काढू नकोस. राम राम करायचा आणि निघायचं.

आता तुझी मुख्य अडचण. तू म्हणालास, "काका, पाडून मागितलं की समोरचा चिडतो आणि बोलणंच बंद होतं. न पाडता मागितलं तर आपण गंडतो." दोन्ही खरं आहे. पण चिडतो तो आकडा लहान आहे म्हणून नव्हे. आकड्याला बूड नसतं म्हणून चिडतो. कोळी माणसानं एक लाख ऐंशी हजार सांगितले आणि तू हाताची घडी घालून "नव्वद देतो" म्हणालास, तर त्याला काय कळलं? हा माणूस होडी बघायला आलेला नाही, आपली गरज किती आहे ते चाचपायला आलाय, एवढंच. तेच तू त्याला हाताला धरून मागं नेलंस, जिथं मोटर लावतात त्या फळीवर त्याचाच हात ठेवलास, "दादा, इथं दाबा, आत मऊ लागतंय बघा, ही फळी बदलावी लागणार," असं म्हणालास आणि तो खर्च वजा करून आकडा सांगितलास, तर तो आकडा कितीही खाली असला तरी त्याला राग येणार नाही. वाद घालील, पण तो फळीबद्दल. आणि फळीबद्दल वाद सुरू झाला की सौदा सुरू झाला असं समज.

म्हणून भाव तोंडानं करायच्या आधी हातानं करायचा असतो. होडी नीट तपासल्याशिवाय आकडा बोलू नकोस, आणि फोनवर तर अजिबात नको. आपल्याकडं म्हण आहे, पाण्यात म्हैस, बाहेर मोल. हल्ली पोरं मोबाईलवर फोटो बघतात आणि पहिलाच निरोप टाकतात, "लास्ट प्राइस काय?" त्यानं दोन नुकसानं होतात. विकणाऱ्याला कळतं की याला होडीतलं काही कळत नाही. आणि त्यानं सांगितलेला आकडा आपल्या डोक्यात खुंटीसारखा बसतो, मग सगळं बोलणं त्या खुंटीभोवतीच फिरतं. फोनवर फक्त विचारायचं: होडी कुठल्या साली बांधली, कुठल्या यार्डात, मोटर कुठली, शेवटची पाण्यात कधी होती, कागद कुणाच्या नावावर. आणि हो, का विकताय? हा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत. विचार. मोठी होडी घेतली म्हणून विकतोय, मुलगा मुंबईला गेला म्हणून विकतोय, बँकेचा तगादा आहे म्हणून विकतोय, प्रत्येक उत्तरात भावाची वेगळी वाट असते.

तपासायचं कसं ते सविस्तर सांगतो, कारण तुझी सगळी ताकद इथंच आहे.

होडी किनाऱ्यावर ओढलेली असतानाच बघायची. पाण्यात डुलणारी होडी सगळ्यांना देखणीच दिसते, तिचं बूड दिसत नाही. शाकारून ठेवलेली असेल तर झाप, ताडपत्री काढायला लाव. एका बाजूनं उचकटून बघून घ्या म्हणाला तर ऐकू नकोस. बुडावर हात फिरव. रंग नवा कोरा असेल तर आनंदू नकोस, विकायच्या आधी रंग कशावर मारला ते शोध. तिरप्या उन्हात बघितलं की जुनी ठिगळं उठून दिसतात. एक नाणं घे आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत वीतवीत अंतरावर वाजवत जा. घट्ट फायबर टणक वाजतं. थर सुटलेले असतील किंवा आत पाणी मुरलं असेल तिथं आवाज बसका येतो, भद्द असा. तिथं खडूनं गोल कर. मालकासमोरच कर. खडूचे गोल तुझ्या वतीनं पुढं बोलतात. बारीक बारीक फोड दिसले तर एखादा फोडून बघायची परवानगी माग. आतून आंबूस वासाचा ओलावा आला तर पाणी थरात शिरलंय.

मग मागची फळी. फायबरच्या बहुतेक होड्यांत या भिंतीच्या आत लाकूड किंवा प्लाय असतो. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं, वरून मात्र काही दिसत नाही. मोटर खाली सोडलेल्या स्थितीत तिच्या डोक्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन मागंपुढं हलव आणि त्याच वेळी दुसऱ्या पोराला फळीच्या कोपऱ्यांकडं बघत उभं कर. फळी लवत असेल, कोपऱ्यात केसासारखी चीर उघडत-मिटत असेल, बोल्टखालून तांबूस पाणी ओघळलेलं असेल, तर फळी गेली. हे काम मोठं आहे, पण होण्यासारखं आहे. म्हणजे हा भाव करण्याजोगा दोष आहे. बुडाच्या मधोमध लांब आडवी चीर, किंवा आतल्या आधाराच्या पट्ट्या सुटून हलणारा तळ, हा भाव करण्याजोगा दोष नाही. तिथून राम राम.

आता वजन. तू ऊसवाल्याचा पोर आहेस, काट्यावर गाडी चढवणं तुला नवं नाही. कोकणातली माणसं होडी काट्यावर नेत नाहीत, पण तू ने. ट्रॉलीसकट होडी वजनकाट्यावर चढव, मग होडी उतरवून रिकामी ट्रॉली चढव आणि पावत्या घे. ज्या यार्डात बांधली तिथं फोन करून त्या मापाच्या होडीचं कोरं वजन विचार. फायबर होडीच्या पोकळीत फोम भरलेला असतो, होडी भरली तरी बुडू नये म्हणून. तो फोम एकदा पाणी प्यायला की लवकर सुकत नाही. लिटरला एक किलो, हा हिशोब कुणाला शिकवावा लागत नाही. कोऱ्या वजनापेक्षा साठ-सत्तर किलो जास्त भरलं तर साठ-सत्तर लिटर पाणी ती होडी कायमची अंगात घेऊन फिरतेय. पुरात तेवढं एक माणूस कमी बसणार, शिवाय जो फोम तरंगवायला ठेवला तोच खाली ओढणार. मोठ्या काट्याला पाच-दहा किलो इकडंतिकडं होतात, म्हणून दहा किलोवरून भांडू नकोस. पण फरक मोठा असेल तर ती पावती खिशातून काढून पुढं ठेवायची, बस. छापील आकड्याशी कुणी हुज्जत घालत नाही.

मोटरीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं मिस्त्री बरोबर न्यायचाच आहे. गेल्या गेल्या मोटरीवर हात ठेव. कोमट लागली तर तू यायच्या आधी चालू करून बघितलेली आहे. थंड मोटर किती ओढीत सुरू होते ते तुला बघायचंय, तेव्हा चहा घे, गप्पा मार आणि ती पूर्ण गार होऊ दे. सुरू झाल्यावर बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार जोरात आणि सलग यायला पाहिजे, तुटक आली तर थंडाव्याच्या वाटेत मीठ साचलेलं असू शकतं. खालच्या गिअरचं तेल थोडं सोडायला लाव. दुधाळ निघालं तर सील गेलं, पाणी आत शिरतंय. सिलिंडरचं कॉम्प्रेशन मिस्त्री मोजेल, सगळ्यांत साधारण सारखं हवं. रॉकेलवर चालवलेली मोटर असेल तर ते आधीच विचारून घे, तिचा भाव पेट्रोलवाल्या मोटरीच्या पंगतीत धरायचा नाही.

आणखी एक, आपल्या नदीचं. कोकणातल्या बऱ्याच होड्या लाटेसाठी बांधलेल्या असतात, बूड खोल आणि नाळ उंच. आपल्याला पुरात उसाच्या फडावरून, तारेच्या कुंपणावरून, विहिरीच्या कठड्यावरून जायचं असतं. तिथं सपाट बुडाची, थोड्या पाण्यात तरंगणारी होडी लागते. खोल बुडाची होडी निम्म्या किमतीत मिळाली तरी आपल्या कामाची नाही. सांगलीकडं कृष्णेत शर्यतीच्या होड्या पळतात, त्यातली एखादी जुनी स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी मंडळात बोललं तर लगेच थांबव. ती लांब, अरुंद, पळायला बांधलेली. घाबरलेली दहा माणसं एका बाजूला झुकली की तिचं काय होईल ते कुणाला सांगायला नको.

तपासणी झाली की लगेच आकडा सांगू नकोस. बाजूला जा, वहीत हिशोब मांड. समज, त्यानं १,८०,००० सांगितलेत. (हे आकडे नुसते समजावण्यापुरते आहेत, खरे भाव तुला तीन-चार बंदरांत फिरून कळतील.) तू मिरकरवाड्यात, हर्णैत, मालवणात विचारलंस आणि त्या मापाची, त्या वयाची धड होडी १,६०,००० च्या आसपास प्रत्यक्ष विकली गेल्याचं कळलं. प्रत्यक्ष विकली गेलेली, हे महत्त्वाचं, नुसती सांगितलेली नव्हे. त्यातून मागच्या फळीचे २२,०००, बुडाचं जुनं ठिगळ उकरून भरायचे ८,०००, गिअरच्या सीलचे ६,०००, पाण्याच्या पंपाचे ४,००० गेले. झाले ४०,०००. राहिले १,२०,०००. मोटर उघडल्यावर काहीतरी निघतंच, त्याचे ६,००० धर. म्हणजे तुझी पहिली बोली १,१४,०००. सांगितलेल्या किमतीच्या मानानं ती बरीच खाली आहे, पण तिच्यातला रुपया न् रुपया तुला बोट ठेवून दाखवता येतो. वरची मर्यादा १,२५,००० ठरवून कागदावर लिही, घडी कर आणि खजिनदाराच्या खिशात ठेव. तुझ्या खिशात नको. बंदरावरच्या उन्हात, दोन तास बोलून झाल्यावर, मर्यादा आपोआप वर सरकते.

पाडून मागताना आवाज खाली असावा आणि माणसं कमी असावीत. वडगावच्या बाजारात आमची जुनी माणसं हातावर रुमाल टाकून, रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची. का, ते मला चुलत्यांनी सांगितलं होतं. चार लोकांत आकडा फुटला की विकणाऱ्याला त्याच्या खाली येता येत नाही, आणि घेणाऱ्याला वर जाता येत नाही. दोघांची मान अडकते. कोकणातही तसंच. होडीभोवती त्याचे भाऊबंद जमले असतील, तुझी चार पोरं कडेला उभी असतील, आणि तू मोठ्यानं "एक चौदा" म्हणालास, तर त्याला भावांदेखत "नाही" म्हणावंच लागणार. त्याला बाजूला घे. "दादा, जरा इकडं येता का?" म्हण. वही उघडून दाखव. वरून खाली वाचत ये, आकडा सगळ्यात शेवटी. आणि आकडा सांगून झाला की गप्प बस. हे सगळ्यात अवघड आहे. आपल्याकडची माणसं आकडा सांगतात आणि शांतता सोसत नाही म्हणून स्वतःच पुढं बोलतात, "म्हणजे बघा, थोडं वरखाली करू." झालं, स्वतःच्याच बोलीवर स्वतः चढले. त्यानं उत्तर दिल्याशिवाय तुझा आकडा हलता कामा नये.

तो म्हणेल, "परवडत नाही." म्हणू दे. "तुमचा आकडा सांगा" म्हण. तो १,७० वर आला तर तू ५,००० नं वर जा, पण फुकट जाऊ नकोस. "ट्रॉली याच्यातच धरून १,१९." पुढच्या खेपेला ३,०००, "जादा पंखा आणि पेट्रोलची टाकी याच्यात." मग दीड हजार. पावलं लहान लहान होत गेली की समोरच्याला न सांगता कळतं की तळ जवळ आला. सारखी पाच-पाच हजारांनी चढत गेलास तर त्याला वाटणार, अजून चार पायऱ्या शिल्लक आहेत. आणि पैशात अडलं की वस्तूंत बोल. वल्ही, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, ताडपत्री, ट्रॉलीचं जादा चाक. त्याच्या पडवीत पडलेल्या वस्तूची त्याला किंमत वाटत नाही, आणि इथं आणून तीच विकत घ्यायला तुझे हजारो रुपये जातात. लाइफ जॅकेट मात्र जुनं मिळालं तर एकेक पाण्यात टाकून बघ. नुसती संख्या मोजून घेऊ नकोस.

मध्यावर तोडूया, असं कुणीतरी म्हणणारच. बंदरावर एखादा मध्यस्थ असतोच, तो तर येताच म्हणेल, "तुमचं राहू दे, त्यांचं राहू दे, मधे तोडा." ऐकायला न्यायाचं वाटतं. पण ज्यानं सुरुवातच आभाळातून केली त्याचा मध्य नेहमी उंच असतो. १,८० आणि १,१४ चा मध्य १,४७ येतो, आणि तुझा हिशोब तर १,२५ ला संपतो. "मध्य कशाला, फळी बघू," एवढंच म्हण आणि पुन्हा खडूच्या गोलाकडं चल. मध्यस्थाला काय द्यायचं, कोण देणार, ते मात्र आधीच उघड ठरव. सौदा झाल्यावर तो विषय निघाला की चांगल्या कामाला विटाळ लागतो.

खोटं बोलू नकोस. "हर्णैला एक लाखाला मिळतेय" असं सांगून भाव पडतो, हे मला माहीत आहे. पण कोकणपट्टीत होडीवाल्यांचे एकमेकांत फोन असतात, दहा मिनिटांत खरंखोटं होतं, आणि मग तुझ्या खऱ्या चाळीस हजारांच्या हिशोबावरसुद्धा कुणी विश्वास ठेवत नाही. नसलेला दोषही काढू नकोस. ज्यानं वीस वर्षं त्या होडीवर संसार चालवला, त्याला तिची खोड तुझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. जे चांगलं आहे ते चांगलं म्हण. "मोटर तुम्ही जपलीय दादा," हे खरं असेल तर पहिल्यांदा म्हण. त्यानं भाव वाढत नाही, बोलणं वाढतं.

"मंडळाला विचारून सांगतो" हे तुझं हक्काचं वाक्य आहे, कारण ते खरं आहे. पैसा मंडळाचा आहे. बोलणारा एकच असावा, तू. बाकीच्यांनी आकड्यावर चकार शब्द काढायचा नाही. तू १,१९ म्हणत असताना मागून कुणी "जाऊ दे की, चांगली आहे" म्हणाला, तर ते वाक्य मंडळाला दहा हजारांना पडतं. हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी बसून ठरवा. आणि यात ग्रामपंचायतीचा निधी येणार असेल तर ही रीत चालणार नाही. तिथं दरपत्रकं, ठराव, सगळं नियमानं लागतं. ग्रामसेवकाशी आधी बोल.

वेळ कुठली साधायची? मे महिना, दुसरा पंधरवडा. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदीच्या तोंडावर होड्या वर ओढल्या जातात, म्हणजे बूड बघायला मिळतं. दोन महिने उत्पन्न नाही आणि होडी राखायचा खर्च आहे, म्हणून ज्याला विकायचीच आहे तो ऐकायच्या मनःस्थितीत असतो. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्याच माणसाला नवा हंगाम दिसायला लागतो आणि भाव ताठतो. तोवर आपल्याकडंही पाणी चढलेलं असतं. पुराच्या आठवड्यात होडी घ्यायला गेलेल्याला भाव करता येत नाही. अडला हरी, दुसरं काय. शिवाय जुलैच्या पावसात, धुक्यात, आंबा घाटातून ट्रॉलीवर होडी आणणं हा जिवाशी खेळ आहे. मेअखेरीस मलकापूर, बांबवड्यावरून होडी घरी आली पाहिजे.

इथं मला एक जपून सांगायचंय. गरजेला आलेला माणूस समोर असेल, घरातला कर्ता गेलाय आणि बाई होडी विकतेय, किंवा दवाखान्याचा खर्च आहे, तर तुला तो आकडा खूप खाली नेता येईल. नेऊ नकोस. हिशोबाचे १,२० येत असतील तर पहिल्याच बोलीला १,२० सांग, वही दाखव, आणि "याच्या खाली मी मागणार नाही" असं म्हण. आपण होडी घेतोय ती अडलेल्या माणसांना बाहेर काढायला. ती अडलेल्या माणसाला दाबून घेतलेली असेल तर तुझे चुलते, आजोबा कुणीच तुला शाबासकी देणार नाहीत, आणि मी तर नाहीच.

नाही जमलं तर? उठायचं. पण उठताना दार आपटू नकोस. वहीतलं पान फाडून त्याला दे, खाली तुझा फोन नंबर लिही, "दादा, माझा आकडा महिनाअखेरपर्यंत असाच आहे," म्हण. दुसऱ्या गिऱ्हाईकानं त्याच फळीवर हात ठेवला की त्याला तुझं पान आठवतं. कित्येक सौदे असे आठवड्यानं आपोआप झालेले मी पाहिलेत. मात्र आकडा तसाच म्हणजे तसाच. त्याचा फोन आल्यावर "आता पाच हजार कमी" म्हणणं बेइमानी आहे.

जमलं तर कागदाशिवाय इसार देऊ नकोस. इसाराच्या पावतीवर होडीचा नोंदणी क्रमांक, मोटरीचा नंबर, ठरलेली किंमत, याच्यात धरलेल्या वस्तूंची यादी आणि ताबा द्यायची तारीख पाहिजे. मोटरीवरचा नंबर खरवडलेला असेल तर तिथंच थांब. कर्जाचा बोजा आहे का, सरकारी अनुदानातून घेतलेली होडी असेल तर विकायला परवानगी आहे का, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन विचार. मोटरीची होडी नदीत चालवायची तर अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ लागू होतो, नोंदणी आणि तपासणी लागते. त्याची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडं आधीच करून ठेव. त्याचा खर्चही तुझ्या १,२५ च्या बाहेरचा आहे, हे खजिनदाराला सांग. पैसे बँकेतून दे. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेणं आयकराच्या कायद्यात बसत नाही, आणि दोनाच्या खाली असलं तरी मंडळाचा पैसा आहे, त्याला लेखी माग हवा.

पूर्ण रक्कम द्यायच्या आधी एकदा होडी पाण्यात घालून मागायची. खाडीत अर्धा तास, ठरलेल्या माणसांइतकी वाळूची पोती भरून. त्या अर्ध्या तासात बुडात किती पाणी येतं ते मोज. हे इसाराच्या पावतीवरच लिहून घे: पाण्यात चालवून समाधान झाल्यावर उरलेली रक्कम, नाही झालं तर इसार परत. याला जो नाही म्हणेल त्याची होडी घेऊ नकोस, भाव काही असो.

घरी आणल्यावर मोटरीतून गोडं पाणी खेळव, मीठ धुऊन निघेल. मागची फळी, ठिगळ, सील, पंप, ज्या चार कामांचे पैसे तू भावातून कापून घेतलेस ती चारही कामं जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकून घे. ते चाळीस हजार गणपतीच्या मांडवाकडं वळवा असं कुणीतरी म्हणेल. तिथं मंडळात उभं राहून ठाम बोलायचं. मग होडीच्या दोन्ही अंगाला ठळक अक्षरांत रंगवून घ्या, किती माणसं बसायची ते, आणि किती पाण्यापर्यंत होडी बुडू द्यायची ती लाल रेघ. पुराच्या गडबडीत होडीवरच्या पोराला रडणाऱ्या माणसाला "आता बस" म्हणता येत नाही. त्याला ती रेघ दाखवता येते.

मिस्त्री कोण न्यायचा ते अजून ठरलं नसेल तर मला रविवारच्या आत सांग. कोडोलीत माझ्या माहितीचा एकजण आहे, त्याला मेमध्ये दोन दिवस मोकळे ठेवायला सांगतो.